बर्फकण उभे असताना

ढगातले बर्फाचे कण उभे राहिले की रडारने मान खाली घालायची, केंद्रातल्या सगळ्यांनी उठून उभं राहायचं आणि वीज पडून जाईपर्यंत कोणी काही विचारायचं नाही, असा काटवन पठारावरच्या रडार केंद्राचा नियम होता.

हेमांगी तोरणे एम.एस्सी. करून तिथे रुजू झाली, तेव्हा संचालक किंजवडेकरांनी तिला आधी हा नियम सांगितला आणि डबा कुठे ठेवायचा ते नंतर. तिने कारण विचारलं. आमच्या वेळी मुली विचारत नसत, एवढंच उपसंचालक निमकर बाई म्हणाल्या.

वीज ही ढगातली वडीलधारी. ती यायची म्हटली की इतका वेळ लोळत पडलेले कण ताठ उभे राहत, आणि ते जिथे उभे, त्याच्याच खाली ती उतरे. नेमकं तेव्हाच रडार जमिनीकडे बघत असे. त्यामुळे वीज कुठे पडली, हे केंद्राला ती पडल्यावरच कळे. पठारावर मेंढ्या चारणाऱ्या ठकुबाई कोकरेला मात्र दोनदा सगळ्यांच्या आधी कळलं होतं. एकदा तिचा मेंढा गेला, एकदा कुत्रा. दूध द्यायला आली की ती हेमांगीला म्हणे, "आता नंबर माझा, पोरी."

वैशाखातल्या एका दुपारी ढग चढला आणि कण उठू लागले. साहेब उठले, बाई उठल्या. रडार मान खाली घालायला लागलं, तसा हेमांगीने त्याचा खटका धरून ठेवला. रडार जुन्या सवयीचं. ते कुरकुरलं, पण वर बघत राहिलं.

कण बरोबर ठकुबाईच्या डोक्यावर उभे होते. हेमांगीने तिला फोन केला. मेंढ्या टाकून मी कुठे जात नाही, असं सांगून ठकुबाईने तो ठेवून दिला. मग हेमांगीने रडारमधून कणांनाच बसायला सांगितलं.

कणांचं उत्तर अदबीचं होतं. "आमची ना नाही. पण तुमच्याकडची मोठी माणसं उभी आहेत. त्यांच्यासमोर कसं बसायचं?"

हेमांगी वळली. "सर, बसा. ते तुमच्यासाठी उभे आहेत."

"आणि आम्ही त्यांच्यासाठी," किंजवडेकर म्हणाले. "आधी त्यांना बसू दे. काही रीत आहे की नाही?"

कण म्हणाले, आधी मोठे. दोन्हीकडच्यांनी एकदम बसावं, असा ठराव पावसाळ्यानंतरच्या बैठकीत मांडता येईल, असं निमकर बाईंनी सुचवलं. ढग काळा होत चालला होता.

हेमांगी संचालकांच्या खुर्चीत जाऊन बसली.

"कोण बसलं?" कणांनी विचारलं.

"संचालकांची खुर्ची भरली आहे," ती म्हणाली.

कण हुश्श करून बसले. वीज ढगाच्या तोंडाशी आली, ढगात कोणीच उभं नाही हे तिने पाहिलं आणि ती आल्या पावली परत गेली. खाली ठकुबाई एका चुकार कोकराला शिव्या देत होती.

"ऊठ," किंजवडेकर म्हणाले. "ती माझी खुर्ची आहे. आणि तुला कोणी सांगितलं..."

"मी उठणार नाही," हेमांगी म्हणाली. "आणि ढग जाईपर्यंत कोणी काही विचारायचं नाही."

कोपऱ्यात दोन स्टुलं रिकामी होती. साहेबांनी बाईंकडे पाहिलं, बाईंनी साहेबांकडे, आणि ढग जाईपर्यंत दोघं तशीच उभी राहिली.