क्लचला आवक क्रमांक

रविवारी सकाळी दाढी करता करता हेडक्लार्कांनी ठरवलं, की गाडीचा एसी आपणच दुरुस्त करायचा. (त्यांना मोठमोठी संकटं दाढी करतानाच सुचत.) गाडी सासऱ्यांच्या काळातली. तिच्या वयाच्या गाड्या लोक प्रदर्शनात ठेवतात, हे रोज तिच्यातून ऑफिसला जात. एसी मात्र दोन वर्षं बंद. काचा उघडाव्यात तर वाऱ्याच्या घोंघाटात शेजारच्या माणसाला काही ऐकू जात नाही, आणि हेडक्लार्कांचं खरं दुःख तेच होतं. येत्या शनिवारी लेकीकडे जायचं होतं. चार तासांचा रस्ता, आणि बायकोला सांगायच्या गोष्टी तर दोन वर्षांच्या तुंबलेल्या.

कंप्रेसरचा क्लच पकडत नाही, एवढं निदान त्यांनी पुस्तक वाचून केलं. बटण दाबलं की पुढची चकती टक्क करून पुलीला चिकटायला हवी. ती ढिम्म हलत नव्हती. मग ऑफिसच्या शिस्तीत काम निघालं. प्रत्येक नटाला आवक क्रमांक, चकतीला वेगळं पाकीट, तिच्यामागच्या पातळ वॉशरवर ‘अत्यंत तातडीचे’ असा शेरा. तीन दिवस जेवणाच्या टेबलावर क्लच जेवला आणि घरातली माणसं ओट्यापाशी उभी राहून. चकती घासून झाली, पुलीचं बेअरिंग बदललं, एक वॉशर काढून फट कमी केली, सगळं क्रमांकाबरहुकूम परत बसवलं. बटण दाबलं. काही नाही.

शुक्रवारी नाक मुठीत धरून त्यांनी नेहमीच्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने बॉनेटखाली डोकावून विचारलं, “साहेब, वायर बघितलीत का?”

“वायर विजेच्या खात्यात येते,” हेडक्लार्क म्हणाले. “मी यांत्रिक बाजू बघत होतो.”

मेकॅनिकने मागे खोचून ठेवलेली वायर ओढली आणि क्लचला जोडली. टक्क झालं. ही काढली कोणी, असं हेडक्लार्कांनी ऑफिसातल्या आवाजात विचारलं. मेकॅनिक त्यांच्या बायकोकडे बघायला लागला आणि बायको दारातल्या कुंडीकडे.

“मीच सांगितलं होतं त्यांना,” शेवटी ती म्हणाली. “काचा बंद झाल्या की तुमच्या ऑफिसातल्या बढत्या सुरू होतात. अहो, त्या सगळ्यांच्या जन्मतारखा पाठ झाल्यात मला.”

हेडक्लार्कांना ते फार लागलं. त्या दिवशी ते चहालाही नको म्हणाले. त्यांचा उतरलेला चेहरा बघून बायकोलाही वाईट वाटलं. राहू दे ती वायर, ऐकेन मी, असं तिने आपणहून कबूल केलं.

शनिवारी काचा बंद, गाडीत छान गारवा, आणि हेडक्लार्क सुटले. रस्त्यावरची नजर न हलवता त्यांनी दोन वर्षांच्या बदल्या, बढत्या आणि नव्या साहेबांचे तिन्ही मूर्खपणाचे आदेश तपशीलवार सांगितले. अधूनमधून तिचा ‘हं’ येत होता, निदान त्यांना तसं वाटलं. इतकं समजून ऐकणारी बायको मिळायला भाग्य लागतं, या विचाराने त्यांचे डोळेसुद्धा जरा पाणावले.

लेकीच्या दारात गाडी थांबली, तशी बायको डोळे चोळत सरळ बसली. तिने त्यांच्या हातावर हात ठेवला.

“किती शहाण्यासारखे वागलात हो,” ती म्हणाली. “वाटभर एक शब्द बोलला नाहीत.”