चुकीचा दात आणि योग्य शब्द

माणूस चुकतो, संस्था चुकत नाही. संस्थेत चूक फक्त 'होते'. इंग्रजीने या दोन अवस्थांसाठी दोन वेगळे शब्द काढून ठेवले, हे त्या भाषेचे थोरपण. 'सॉरी' म्हणजे चूक माझी. 'रिग्रेट' म्हणजे असे काही घडल्याचे कानावर आले, वाईट वाटले, आता पुढच्या पेशंटला आत पाठवा.

मी दातांच्या एका मोठ्या दवाखान्यात तक्रार निवारण अधिकारी आहे. आमच्याकडे हा फरक डोळ्यांत तेल घालून पाळला जातो. सॉरी म्हणण्याचा अधिकार फक्त सफाईवालीला (तोही ओल्या फरशीपुरता). रिसेप्शनपासून वरचे सगळे रिग्रेट करतात. गेल्या वर्षी आम्ही तीनशेच्या वर रिग्रेट केले. चूक एकही नाही.

अशा निष्कलंक संस्थेत माझ्या सख्ख्या आत्याचा डावीकडचा धडधाकट दात उपटला गेला. दुखरा उजवीकडे होता. तो अजून तिथेच आहे आणि दुखतोही आहे.

आत्याला रीतसर पत्र गेले: 'झालेल्या गैरसोयीबद्दल रिग्रेट.' (दात गैरसोयीत मोडतो. जबडा असता तर 'तीव्र गैरसोय' लिहिले असते.) सोबत उजवा दात सवलतीत काढून देण्याचे कूपन.

दुसऱ्या दिवशी सुजलेल्या गालाला रुमाल लावून ती माझ्या टेबलासमोर येऊन बसली.

"कूपन ठेव तुझ्याकडे. डॉक्टरांना म्हणावं, एकदा सॉरी म्हणा. मुकाट्यानं घरी जाते."

सॉरी म्हटले की विमा कंपनी अंगावर येते, रिग्रेटला कोणी विचारत नाही, हे मी तिला समजावून सांगितले.

"मग तू म्हण. आमच्याकडे डोळे मिटून ये, असं तूच म्हणालास ना? मी मिटले. डॉक्टरांनी कशाला मिटायचे?"

शब्द अगदी ओठांवर आला होता. पण माझी बढतीची फाइल वर गेलेली होती.

"आत्या," मी म्हणालो, "संस्थेला आणि मला अतिशय रिग्रेट आहे."

ती उठली. दारात तिचा पाय बादलीला लागला. "सॉरी गं बाई," सफाईवालीला म्हणाली आणि गेली. तिने मला लहानाचे मोठे केले. तेव्हापासून तिचा फोन नाही. तिच्या फाइलवर मी 'तक्रार निकाली' असा शेरा मारला. त्या दिवशी जेवण गेले नाही, पण ते ऑफिसच्या वेळेबाहेरचे.

तुम्ही हसताय. हसा. फक्त घरच्या माणसाला शेवटचे सॉरी कधी म्हणालात, ते आठवून पाहा. (रस्त्यात अनोळखी माणसाला खांदा लागला तेव्हाचे धरू नका.) आठवत नसेल, तर आमच्याकडे अर्ज करा. एक जागा रिकामी आहे, आणि अनुभवाची अट तुम्ही पूर्ण करता.