गाडी रिकामी आहे

सिग्नल लाल होता तोवर सगळं ठीक होतं. तो हिरवा झाला, मागच्या गाड्यांनी हॉर्नचा गजर सुरू केला, पण सगळ्यांत पुढे उभी असलेली ती उंच, काळीभोर, आलिशान एसयूव्ही जागची हलेना. वाहतूक पोलीस शिट्टी फुंकत आला आणि काचेला नाक लावून आत पाहू लागला. स्टिअरिंगमागे गादीशेठ गाढ झोपले होते. मागच्या सीटवर त्यांचा मेहुणा, पट्ट्यात करकचून आवळलेला, जमेल तेवढ्या हातांनी काच बडवत होता.

"दार उघडा!" पोलीस ओरडला.

"उघडत नाहीये हो!" आतून मेहुण्याचा रडवेला आवाज आला. "गाडी म्हणतेय गाडीत कोणी नाही!"

पोलिसाने दांडक्याने काच ठोकली. शेठ दचकून कुशीवर वळले, तशी गाडीला एकदम जाग आली. दिवे लागले, मिटलेले आरसे उघडले, दारांची कुलुपं खटाखट निघाली. पोलिसाने शेठच्या तोंडाचा वास घेतला.

"प्यायलाय?"

"नाही हो," शेठ डोळे चोळत म्हणाले. त्यांच्या आवाजात अपराधाऐवजी नवल होतं. "झोपलो होतो. खरंच झोपलो होतो का हो मी?"

पोलिसाने दंडाची पावती फाडली. ती शेठनी बक्षिसासारखी घडी करून खिशात ठेवली.

या आनंदाचं कारण शेठ कोणाला सांगू शकत नव्हते. बाजारातलं गाद्यांचं सगळ्यांत मोठं दुकान त्यांचं. दारावर ठसठशीत पाटी होती, 'पाठ टेका, बाकी आम्ही बघतो.' आणि खुद्द मालकाच्या डोळ्याला कित्येक वर्षं डोळा लागत नव्हता. गादीवर आडवे झाले की त्यांची पाठ कामाला लागायची. इथे फोम दबला, तिथे टाका सैल, या कोपऱ्यात भरण कमी. पाठ थकून गप्प झाली की डोक्यात हाका सुरू व्हायच्या. शेठ, गिऱ्हाईक आलंय. शेठ, कापड संपलंय. दाजी, जरा इकडे या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, पण बाजारात कळला असता तर दुकानाला टाळंच लागलं असतं.

सिग्नलला मात्र भलतंच घडलं होतं. विजेवरची ती गाडी आवाज न करता थांबली. शेठ सीटवर जरा सैलावून बसले, आणि कुठूनसा एका बाईचा मऊ आवाज आला, "गाडी रिकामी आहे. मी विश्रांती घेते." दिवे मंदावले. बाहेरचे आरसे मिटले. रस्त्याचा गलका कोणीतरी घडी घालून कपाटात ठेवावा तसा दूर गेला. सीटची पाठ हलकेच मागे कलली आणि एक संथ सूर वाजू लागला. शेठना आधी वाटलं, हिला सांगावं, अहो, मी आहे ना इथे! मग वाटलं, कशाला? जन्मात पहिल्यांदाच कोणीतरी त्यांना गणतीत धरलंच नव्हतं. गाडीत शेठ नव्हते, म्हणजे गिऱ्हाईक नव्हतं, कापड नव्हतं, मेहुणाही नव्हता. फक्त एक सूर होता, आणि तो ऐकायला कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून शेठ दुपारच्या वेळी दुकानाशेजारच्या बोळात गाडी लावून "जरा बँकेत जाऊन येतो" म्हणू लागले. गाडीच्या काळ्या काचांमागे त्यांची बँक मजेत चालली होती. गाल भरले, डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली. गिऱ्हाइकाशी शेठ गाडीतला तो संथ सूर गुणगुणत बोलू लागले. शेठाणी दुकानामागच्या कारखान्यात शिवणकामावर देखरेख करायच्या. त्या खिडकीतून बोळाकडे बघायच्या आणि काही न बोलता पुन्हा सुईत दोरा ओवायच्या.

पण मेहुणा गप्प बसणारा नव्हता. दुधाने तोंड न पोळताच ताक फुंकून पिणारा माणूस तो. पुढची सीट धोक्याची म्हणून मागे बसायचा आणि झोपाळ्यावर बसला तरी पट्टा शोधायचा. सिग्नलच्या प्रसंगानंतर त्याने कंपनीला सणसणीत तक्रार ठोकून दिली. "चालक जिवंत असताना गाडी त्याला गैरहजर समजते. याहून मोठा धोका कोणता?"

कंपनीने ती तक्रार बाजूला ठेवली असती, पण तिच्यामागोमाग तक्रारींची रांगच लागली. एका वकिलांना त्यांच्या गाडीने कोर्टाच्या दारात रिकामं ठरवलं, ते आत घोरत राहिले आणि अशिलाचा खटला निघून गेला. एका नवरदेवाची गाडी मांडवासमोर येऊन मिटली आणि वाजंत्री बाहेर ताटकळत राहिले. शेवटी कंपनीने त्या जातीच्या सगळ्या गाड्या परत मागवल्या. ग्राहक बडे, म्हणून माणूस घरी पाठवून सीट तिथल्या तिथे बदलून द्यायची असं ठरलं.

बातमी ऐकताच शेठनी कंपनीला फोन लावला.

"आमच्या गाडीत काही दोष नाही," त्यांनी फोनवर ठणकावलं.

"पण साहेब, पहिली तक्रार तुमच्याच गाडीची आहे."

"ती गाडीची नाही, मेहुण्याची आहे. दोष त्याच्यात आहे. त्याला परत मागवा."

तरीही ठरल्या दिवशी कंपनीचा माणूस आलाच. इस्त्रीचा सदरा, गळ्यात टाय, हातात हत्यारांची पेटी आणि चेहऱ्यावर अपुऱ्या झोपेची राखाडी कळा. शेठनी भल्या सकाळीच गाडी गोदामात नेऊन तिच्यावर चार डबल गाद्या टाकल्या होत्या.

"गाडी बाहेरगावी गेलीय," शेठ म्हणाले.

"कधी येईल?"

"तिचं काही खरं नाही. लहरी आहे."

तेवढ्यात गोदामातून मऊ आवाज आला, "गाडी रिकामी आहे. मी विश्रांती घेते."

टायवाल्याने शेठकडे पाहिलं. शेठनी छताकडे पाहिलं. मग दोघांनी मिळून गाद्या उचलल्या, तर आत मेहुणा! कंपनीला दाखवायला दोषाचा पक्का पुरावा हवा म्हणून तो मोबाईल हातात धरून आयुष्यात पहिल्यांदाच पुढच्या सीटवर बसला होता. मोबाईल मांडीवर पडला होता आणि पुरावा तोंड उघडं टाकून घोरत होता. पट्टासुद्धा लावलेला नव्हता.

त्याला हलवून उठवलं. "दाजी," तो स्वप्नातल्यासारखा म्हणाला, "मी कुठे होतो?"

"कुठेच नव्हतास," शेठ हेव्याने म्हणाले.

"मला स्वतः बसून खात्री करावी लागेल," टायवाला म्हणाला. "नियम आहे."

तो बसला. गाडीने त्यालाही मोजलं नाही. आरसे मिटले, सूर वाजला, टाय सैल झाला. शेठ आणि मेहुणा काचेबाहेर उभे राहून त्याच्या चेहऱ्यावरची राखाडी कळा उतरताना बघत राहिले. जागा झाला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"घरी जुळी आहेत," तो खालच्या आवाजात म्हणाला. "आलटूनपालटून रडतात."

शेठना आशा वाटली. त्यांनी त्याचा हात धरला. "मग राहू द्या ना! मी रस्त्यावर नेणार नाही ही गाडी. चाकं काढून न्या हवं तर. पण ही सीट तेवढी ठेवा. अहो, मला दुसरीकडे झोप येत नाही!"

बोलून गेल्यावर शेठनी जीभ चावली. गाद्यांच्या गोदामात, गाद्यांच्या ढिगात उभं राहून गाद्यांचा मालक हे बोलला होता. मेहुणा तोंडात बोट घालून बघत राहिला.

"मला कळतंय हो," टायवाला कळवळून म्हणाला. "पण उद्या कोणी चालत्या रस्त्यात झोपलं, तर? कोणाचं तरी लेकरू चाकाखाली यायचं." शेठनी त्याचा हात सोडला. टायवाल्याने पेटी उघडून कात्री काढली आणि सीटच्या आवरणाला लावली.

"फाडू नका!" मागून आवाज आला. दारात शेठाणी चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. "उसवा. डावीकडून उसवा, खालच्या कोपऱ्यातून. दोऱ्याचं टोक आत ढकललंय, बोटाला लागेल."

टायवाल्याने बोट घातलं. टोक लागलं. ओढल्याबरोबर शिवण सरसर उसवत गेली.

शेठनी वाकून ती आतली उशी पाहिली. घट्ट फोमवर चार बोटं जाडीचा, ढगासारखा मऊ थर होता, आणि कडेला एक ओळखीची गाठ. असं दोऱ्याचं टोक आत ढकलणारी बाई त्यांनी जन्मात एकच पाहिली होती, आणि तिच्याशी लग्न केलं होतं.

"अगं," शेठ म्हणाले, "हा आपला माल?"

"तुम्ही प्रदर्शनाला गेला होतात तेव्हा एक दलाल आला होता," शेठाणी ट्रे ठेवत म्हणाल्या. "म्हणाला, गाडीच्या उशा शिवायच्यात, नमुन्याबरहुकूम. आणि नमुना काय, तर फळी! त्यावर माणूस बसणार की पापं फेडणार? पहिल्या उशा दिल्या तशाच करून. मग माझंच मन खाऊ लागलं. पुढच्या उशांना घातला आपला एक मऊ थर पदरचा. कोण बघायला येतंय?"

टायवाला मटकन एका गादीवर बसला. "उशीखाली एक पट्टी असते, वहिनी. माणसाचं वजन तिला लागलं की गाडीला कळतं कोणी बसलंय. ते वजन तुमच्या थराने गिळून टाकलं. आमच्या सगळ्या इंजिनियरांनी तारा तपासल्या, यंत्रं तपासली. उशीला कोणी हातच लावला नाही." त्याने उशीवरून हात फिरवला. "म्हणजे एवढ्या गाड्या परत येतायत त्या तुमच्या मायेपायी."

"कडक करून देते," शेठाणी फणकारल्या. "जागं राहा म्हणावं सगळ्यांना." मग शेठकडे न बघता हळूच म्हणाल्या, "बातमी आली तेव्हाच मला कळलं होतं. सांगणार होते हो. पण तुम्हाला काचेतून झोपलेलं बघितलं, आणि कोणत्या तोंडाने सांगू तेच कळेना."

शेठना भरून आलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, इथे तर ते कळशावरच बसून फिरत होते. बायको इतके दिवस खिडकीतून त्यांच्या झोपेची राखण करत होती आणि ते तिला बँकेच्या थापा मारत होते. त्यांना काहीतरी गोड बोलायचं होतं, पण मेहुणा समोर होता. म्हणून ते नुसतं "चहा निवतोय" म्हणाले.

टायवाल्याने नवी कडक उशी बसवली. जुनी 'पुरावा म्हणून' काखेत मारून, ती ज्या अलगदपणे कुरवाळत तो निघाला त्यावरून पुरावा कंपनीपर्यंत पोचेल असं कोणालाच वाटलं नाही.

त्या दुपारी शेठ बोळात गाडीत जाऊन बसले. "नमस्कार शेठ!" गाडी उत्साहाने म्हणाली. "कृपया पट्टा लावा. मागचं दार नीट लागलेलं नाही. आपण थकलेले दिसता, थोडी विश्रांती घ्यावी." हिच्यापेक्षा मेहुणा बरा, असं म्हणून शेठ उतरले.

मग त्यांनी मऊ थराची खास गादी शिववून घेतली. तिच्यावर पाठ टेकताच पाठ म्हणाली, डावीकडे जरा जास्तच भरलंय. शेठ उठून बसले. दिवस जात होते, डोळ्यांखालची वर्तुळं परतली होती, आणि एकदा तर ते गिऱ्हाइकाला गादी दाखवता दाखवता भिंतीला टेकून लवंडले.

"गादीचा प्रश्नच नव्हता गं," एका रविवारी दुपारी दुकानामागच्या खोलीत गादीवर पडून आढ्याकडे बघत ते म्हणाले. "तिथे मी नव्हतोच. म्हणून झोप यायची. इथे मी सारखा असतो."

शेठाणींनी हातातली सुई दोऱ्याच्या रिळात टोचून ठेवली. त्या उठल्या आणि खिडकीचा पडदा ओढला. उजेड मंदावला. रस्त्यावरचा गलका दूर गेला. त्यांनी शेठकडे बघितलंच नाही, जणू गादीवर नुसती चादर पसरलेली होती.

"खोली रिकामी आहे," त्या मऊ आवाजात म्हणाल्या. "मी विश्रांती घेते."

आणि दाराशी स्टुलावर बसून त्या गाडीचा तो संथ सूर गुणगुणू लागल्या. किंचित बेसूर, पण तोच. शेठ "अगं..." म्हणायला गेले. कोणी ओ दिली नाही. कोणी नव्हतंच तर ओ कशाला देईल? पाठीने एकदा डावीकडे चाचपून पाहिलं. मग तिच्याही लक्षात आलं की तपासायला सांगणारं इथे कोणी नाही, आणि ती गप्प बसली.

"दाजी आहेत का?" बाहेरून मेहुण्याने विचारलं.

"नाहीत."

"कुठे गेले?"

"कुठेच नाहीत. जा तू."

थोड्या वेळाने दुकानाचं अर्धं उघडं शटर वाकून ओलांडत एक चष्मेवाल्या बाई आत आल्या. "शेठ भेटतील का? गादी घ्यायचीय."

"शेठ नाहीत," आतल्या दाराच्या पडद्याआडून बाहेर येत शेठाणी म्हणाल्या.

बाईंनी कान टवकारले. पडद्यामागून खोल, भरदार, आलिशान घोरणं येत होतं.

"मग आत घोरतंय कोण?"

शेठाणींनी क्षणभर विचार केला. "कोणी नाही," त्या म्हणाल्या. "आमच्या गादीवर माणूस नसला तरी झोप लागते."

बाईंनी दोन घेतल्या.