नऊ बेपत्ता लेखक

भावोजींना स्वतःविषयी बोलायला आवडत नसे, म्हणून त्यांनी ते छापून घेतलं होतं. त्यांच्या पुस्तकाच्या मागच्या बाजूला, त्यांच्याच शब्दांत, असा मजकूर होता: ‘लेखक हे जिन्याखालच्या अंधारातलं सत्यही एका नजरेत वाचणारे असामान्य अन्वेषक असून गुन्हेगार त्यांच्या सावलीलाही उभे राहत नाहीत.’ यातलं जिन्याखालचं सगळं खरं होतं. भावोजींनी तीस वर्षं घरोघर फिरून विजेचे मीटर वाचले होते, आणि मीटर बहुधा जिन्याखालीच असतात. गुन्हेगारांविषयीचंही खोटं म्हणता आलं नसतं. आजवर एकही गुन्हेगार त्यांच्यासमोर उभा राहिला नव्हता.

‘मीटरमागचा मृतदेह’ हे पुस्तक त्यांनी स्वतः लिहिलं, स्वतः छापलं आणि स्वतः चार वेळा वाचलं. त्याची मुद्रितं तपासली ती त्यांच्या मेहुण्याने. हा मेहुणा चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक होता आणि तिथे त्याला सगळे कानामात्रा म्हणत. आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं दुरुस्त करता करता त्याने स्वतःच्या सतरा कथा लिहून एका कापडी फायलीत बांधून ठेवल्या होत्या. त्या कोणी पाहिल्या नव्हत्या. सख्ख्या ताईलाही वाटायचं, फायलीत विम्याचे कागद आहेत.

त्यामुळे भावोजींनी लेखक मंडळ काढायचं ठरवलं, तेव्हा कानामात्रा वरवर नुसता ‘बघा बुवा’ म्हणाला, पण रात्रभर त्याला झोप लागली नाही. आपली एक तरी कथा कोणीतरी ऐकावी, एवढंच त्याला हवं होतं. ‘ऐकता का’ असं विचारण्याची हिंमत मात्र त्याच्यात नव्हती. मंडळात ते विचारावं लागत नाही. तिथे पाळी येते.

वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंनी मागची खोली शनिवारी चार ते पाच द्यायचं कबूल केलं. काउंटरवर वही ठेवली गेली, तिला दोऱ्याने पेन बांधलं गेलं (हे काम कानामात्राचं), आणि आठवड्यात नऊ लेखकांनी नावं नोंदवली. म्हणजे, खरी नावं कोणीच लिहिली नव्हती. ‘वादळ’, ‘निवडुंग’, ‘एक प्रवासी’, ‘कोरा कागद’ अशी सगळी टोपणनावं होती. कानामात्राने वहीजवळ तीन फेऱ्या मारल्या, पेन हातात घेतलं, दोरा घट्ट आहे ना ते पाहिलं आणि तो घरी आला.

पहिल्या शनिवारी कोणी आलं नाही. दुसऱ्या शनिवारीही नाही. तेव्हा ग्रंथपालबाईंनी थंडपणे सांगितलं, की तिसऱ्या शनिवारी पाचच्या ठोक्याला खोलीत पाच माणसं बसलेली दिसली नाहीत, तर खोली बुद्धिबळवाल्यांना जाईल. मंडळ बुडालं, असं कानामात्राला वाटलं. भावोजींचे डोळे मात्र चमकले.

“मेहुणे,” ते म्हणाले, “नऊ लेखक एकदम नाहीसे होत नाहीत. त्यांना नाहीसं केलं जातं.”

तपास तिसऱ्या शनिवारी दुपारी साडेतीनला सुरू झाला. प्रथम वही. भावोजींनी ती भिंगाखाली धरली आणि बराच वेळ हुंकार दिले. नऊही नावं एकाच निळ्या शाईत, एकाच जाडीच्या निबाने लिहिलेली होती. अर्थ उघड होता: नऊ लेखक नव्हतेच. एकच धूर्त इसम नऊ रूपांत वावरत होता.

कानामात्राने दोऱ्याला बांधलेलं पेन हळूच उचलून दाखवलं.

“हेच ते,” भावोजी म्हणाले. “गुन्ह्याचं हत्यार तो जागेवरच सोडून गेला.”

दुसरा संशय बुद्धिबळवाल्यांवर गेला. ते दोघे पट काखेत मारून आधीच जिन्यावर येऊन बसले होते. भावोजींनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि वहीत टिपलं, की ही माणसं तीन तीन चाली पुढचं पाहतात आणि समोरच्याचे मोहरे उचलण्याची त्यांना सवय आहे. चौकशीअंती कळलं, की शनिवारी दोघेही एकमेकांना चिकटून जिन्यावर बसलेले असतात आणि त्यांनी फक्त एकमेकांचे मोहरे उचललेत. भावोजींनी त्यांना तूर्त सोडून दिलं.

मग साक्षीदार. खोलीत जायचा रस्ता वाचनकक्षातून होता, आणि शनिवारी चारला तिथे पेपर वाचणारी मंडळी असत. भावोजी एकेकाजवळ गेले. म्हातारे शिंपीकाका म्हणाले, की ते चारपासून त्या दारावर नजर ठेवून आहेत, चिटपाखरूही आत गेलेलं नाही. सडपातळ परिचारिकेने पेपराआडून तेच सांगितलं, मागचे दोन शनिवारही धरून. बँकेचा रोखपाल तर म्हणाला, की कोणी गेलं असतं तर आपल्याला कळलंच असतं, आपलं सगळं लक्ष तिथेच असतं. आणि तो लाजला.

भावोजी भारावून मेहुण्याकडे आले. इतके सावध साक्षीदार त्यांच्या पुस्तकातही नव्हते.

“किती झाले?” कानामात्राने विचारलं.

“नऊ. बेपत्ता नऊ, साक्षीदार नऊ. योगायोगांचा मी तिरस्कार करतो, मेहुणे, पण हा दुर्लक्ष करण्यासारखा आहे.”

एवढं बोलून ते खोलीत गेले आणि दाराकडे तोंड करून बसले. समोर स्वतःच्या पुस्तकाच्या बारा प्रती, हातात भिंग. बाहेर पाळत ठेवायचं काम कानामात्राकडे आलं. त्यानेही एक पेपर उघडला. फाईल मांडीवर होती, पेपराखाली झाकलेली. घड्याळात पावणेपाच झाले होते. अजून एक पान, मग पाच वाजतील, आणि फाईल पुन्हा कपाटात विम्याच्या कागदांशेजारी जाईल. त्याला एकाच वेळी हायसं वाटत होतं आणि रडू येत होतं.

वाचनालयात पिशवी न्यायला बंदी होती. दाराशी बसणारी मावशी पिशव्या फळीवर ठेवून पितळी बिल्ले द्यायची. ती आवराआवर करत कानामात्राजवळ आली आणि फरशीकडे पाहत म्हणाली, “काका, एक विचारू? हे सगळे शनिवारचेच काय येतात?”

“कोण सगळे?”

“हे. पिशवी माझ्याकडे ठेवतात, पण आतली फाईल तेवढी काढून घेतात. पेपर वाचायला फाईल कशाला लागते? तासभर पान उलटत नाहीत, त्या दाराकडे बघतात आणि पाच वाजले की फाईल पिशवीत घालून जातात. तुम्हीसुद्धा.”

कानामात्राने पेपर खाली केला. शिंपीकाकांच्या पेपराखालून एका पुठ्ठ्याचा कोपरा डोकावत होता. परिचारिकेच्या मांडीवर वही होती. रोखपालाने सदऱ्यात काहीतरी चौकोनी कोंबलं होतं. नऊ पेपर, नऊ फायली, आणि प्रत्येकजण दुसरा कोणी आधी आत जातो का हे पाहत होता. तीन शनिवार.

“मग यांना सांग ना आत जायला,” तो कुजबुजला.

“मी सांगितलं तर पळतील. कोणीतरी उठायला पाहिजे.”

घड्याळात पाचाला चार मिनिटं होती. चाळीस वर्षांत कानामात्रा कुठेही पहिला गेला नव्हता. छापखान्यात डबा खायलासुद्धा तो सगळे बसल्यावर बसायचा. तो उठला. खुर्ची केवढ्यांदा तरी वाजली. त्याने फाईल सगळ्यांना दिसेल अशी छातीशी धरली, दारापर्यंत गेला आणि मागे न पाहता आत शिरला.

मागे एक खुर्ची वाजली. मग दुसरी. मग सगळ्याच.

पाचच्या ठोक्याला ग्रंथपालबाईंनी डोकावून पाहिलं, माणसं मोजली आणि बुद्धिबळवाल्यांना घरी पाठवलं. मंडळाला अर्धा तास वाढवूनही दिला. ‘वादळ’ म्हणजे ती सडपातळ परिचारिका निघाली. भावोजींनी जाहीर केलं, की साक्षीदारच बेपत्ता लेखक आहेत हा संशय त्यांना पहिल्यापासून होता.

पहिला आला म्हणून पहिली पाळी कानामात्राची. त्याने वाचायला घेतलं. दोन पानं झाल्यावर त्याला वाटलं, लोक कंटाळले असतील, आणि तो थांबला. परिचारिका म्हणाली, “पुढे काय होतं?”

पुढे काय होतं ते त्याने वाचलं. शिंपीकाकांनी चष्मा पुसला. एवढं त्याला पुढची दोन वर्षं पुरलं असतं.

“आता साहेबांची पाळी,” रोखपाल म्हणाला.

भावोजींची खुर्ची रिकामी होती. भिंग टेबलावर होतं. बारा प्रतींच्या अकरा झाल्या होत्या.

दारातून मावशीने नुसतं बोट दाखवलं. वाचनकक्षात एकच पेपर उघडा होता. कानामात्रा जाऊन शेजारी बसला.

“पाळत ठेवतोय,” पेपरातून आवाज आला. “आत किती जण आहेत, मेहुणे?”

“माझ्यासकट दहा.”

“बरेच आहेत.” थोड्या वेळाने आवाज म्हणाला, “हे पुस्तक अजून कोणी वाचलं नाही हो. तुम्ही वाचलंत, पण तुम्ही चुका बघत होतात.”

“चुका बघायला नीट वाचावं लागतं, भावोजी. तो जिन्याखालचा प्रसंग चांगला आहे. तो वाचा.”

पेपर खाली आला. भावोजींनी सदरा सारखा केला. आत, पोटाशी, काहीतरी चौकोनी कोंबलेलं होतं.

“पहिले तुम्ही चला,” ते म्हणाले. “मी मागून येतो.”