नळ दाखवण्याचा सांस्कृतिक कार्यक्रम

"साहेब, नाटकातला नळ नाटक संपल्यावर कुठे जातो?"

हा प्रश्न शकूने भर सत्कारसभेत विचारला, कारण वर्गातल्या जना आणि चिंधी यांनी पैज लावली होती, "विचारलंस तर आठवडाभर तुझं दप्तर आमी वाहू." वास्तविक कलेला असे प्रश्न विचारू नयेत. कला प्रश्न मांडते. उत्तरे द्यायला पाणीपुरवठ्याचे साहेब असतात, आणि ते पहिल्या रांगेत नाटक बघत असतात.

गावाचे शहर होऊ लागले की प्रश्न निर्माण होतात आणि प्रश्न निर्माण झाले की समिती निर्माण होते, हा निसर्गनियमच आहे. एकोणऐंशी साली कर्जतच्या सांस्कृतिक सुधार समितीने शहराचे सगळे प्रश्न कलेने सोडवायला घेतले. तुंबलेल्या गटारांवर रांगोळी स्पर्धा झाली (रस्त्यावर जागा नव्हती, म्हणून गटारावर फळ्या टाकून रांगोळ्या काढल्या; तेव्हापासून गटार दिसत नाही, म्हणजे सुटले). दारूबंदीवर पोवाडा झाला. त्याची तालीम गुत्त्यात ठेवावी लागली, कारण जनजागृती जन असतील तिथेच करावी लागते. राहता राहिला पाण्याचा प्रश्न; त्यावर नाटक बसवायचे ठरले.

हा प्रश्न स्टेशनामागच्या वस्तीत राहत असे. तिथे नळ नव्हता. बायका-पोरी रूळ ओलांडून विहिरीवर जात आणि मालगाडी आडवी उभी असली की हंडे घेऊन ताटकळत. शकू नववीत होती आणि तिचा गणिताचा पहिला तास रोज त्या मालगाडीखाली जाई. हजेरी अशीच राहिली तर वार्षिक परीक्षेला बसू देणार नाही, असे गणिताच्या मास्तरांनी बजावले होते. (मास्तर समितीचे सभासद होते आणि नाटकात मास्तरचेच काम करत. नाटकात ते अशा मुलीसाठी रडत.)

त्या मुलीचे काम शकूलाच मिळाले. तिने काहीही तयारी केली नव्हती, तरी तिचे दमणे दिग्दर्शकांना फार नैसर्गिक वाटले. तालमी सकाळी असत, त्यामुळे गणितापाठोपाठ इंग्रजीचा तासही कलेला अर्पण झाला.

समितीचे अध्यक्ष कमळाकरशेठ हे वास्तवाचे मोठे भोक्ते. पुठ्ठ्याचा नळ त्यांना चालेना. "शेवटच्या अंकात पाणी खरं पडलं पाहिजे," ते म्हणाले. "लोकांना फसवायचं नाही." मग मोठ्या रस्त्यापासून वस्तीतल्या रंगमंचापर्यंत पाइप टाकला गेला. कित्येक वर्षे तांत्रिकदृष्ट्या अशक्य असलेले हे काम दुपारच्या चहाआधी उरकले.

पहिल्या प्रयोगाला नळ सुटला आणि शकूची आई विठाबाई प्रेक्षकांतून उठून थेट स्टेजवर गेली. तिने हंडा लावला. मागून पुतळाबाई कळशी घेऊन चढली.

"विठे, हो बाजूला. माझा नंबर हाय."

"तुजा नंबर विहिरीवर. हितं मी नायिकेची आय हाय."

पाहुण्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. अहवालात 'प्रेक्षकांचा उत्स्फूर्त सहभाग' अशी नोंद झाली, आणि नाट्यस्पर्धेच्या परीक्षकांनी भांडणाचे संवाद कोणी लिहिले याची चौकशी केली. प्रयोग चालले तितके दिवस वस्तीत पाणी होते. शकू तितके दिवस पहिल्या तासाला वेळेवर बसली. तिथे 'क्ष'ची किंमत इतर मुलींनाही अजून सापडलेली नाही, हे पाहून तिला केवढा धीर आला.

मग सत्कारसभा झाली, आणि तिथे तो प्रश्न.

साहेबांच्या वतीने कमळाकरशेठ प्रेमाने हसले. "बाळ, तो नळ नाही. ते नेपथ्य आहे."

"पण पाणी येतं की त्याला."

"नेपथ्य चांगलं जमलं की तसं वाटतं."

त्यांनी समजावून सांगितले. नाटक तालुक्यात पहिले आले होते. पुढे अलिबाग, मग पुणे, मग देव देईल तिथवर जायचे होते. मध्येच वस्तीला नळ दिला तर नाटकात जीव काय राहणार? तेव्हा वस्तीने कलेसाठी थोडी कळ काढावी. पाइप त्याच दिवशी उखडून टेंपोत चढला. शकूला उत्कृष्ट अभिनयाबद्दल पितळेची कळशी मिळाली.

सभागृह उभे राहिले. सगळ्यांचे डोळे पाण्याने भरले (हे पाणी पुरवठ्यात धरत नाहीत). मग सगळे घरी गेले, नळाखाली पाय धुतले आणि समाधानाने जेवले.

घरी शकूचा बाप धर्माजी वाट बघत होता. तो गवंडी, नेरळच्या नव्या चाळींत दुसऱ्यांच्या मोऱ्या बांधायचा. "शेठ येऊन गेलं गं. अलिबागला न्यायची म्हनतात तुला. पेपरात फोटू येईल."

"आबा, आई, मी ठरवलंय," शकू म्हणाली. "अलिबागला जायची नाय. सकाळी विहिरीवर पण नाय. उद्यापासून गणिताला बसणार."

"आन् पानी?" विठाबाईने विचारले.

"आबा आणतील. रूळ त्यांनाही ओलांडता येतात."

धर्माजीने कळशीकडे बघितले, मग लेकीकडे. "एवढं शिकून व्हायचंय काय तुला?"

"प्रेक्षक."

"त्याला गं कशाला गणित लागतं?"

"शिकल्याबिगर घरी नळ येत नाय, आबा. आणि घरी नळ नसला, तर पुढच्या खुर्चीत बसून आपल्यासारख्यांसाठी रडता येत नाय."