समोरच्या फ्लॅटमधला डबा

कुवेतमध्ये तेल सापडलं नसतं, तर ते सदानंद नाफड्यांनी शोधून काढलं असतं, असं खुद्द सदानंद नाफड्यांचं मत होतं. शुवैखच्या एका गोदामात ते हिशेब तपासत, ते नुसतं जगाच्या डोळ्यांत धूळ फेकायला. मूळ पिंड गुप्तहेराचा. नजर घारीची, नाक तीक्ष्ण (ते वाळूनं बारा महिने चोंदलेलं असे, तो भाग वेगळा) आणि मेंदू तर असा, की लिफ्टमधला आरसा कोणी चोरला हे त्यांनी जागेवरून न हलता सांगितलं होतं. लिफ्टमध्ये आरसा कधी नव्हताच, हे नंतर कळलं.

सध्याचं प्रकरण मात्र गंभीर होतं. डबा गेला होता.

त्यांच्या बायकोला, वीणाला, तिच्या आईनं लग्नात दिलेला स्टीलचा डबा. झाकणावर आईचं नाव कोरलेलं, ‘सौ. इंदुमती’. आई गेली, माहेरचं घर विकलं गेलं, उरला तो हा डबा. दिवाळीत त्यातून समोरच्या फ्लॅटमधल्या स्वीडिश इंजिनिअरला फराळ गेला आणि संक्रांत आली तरी डब्याचा पत्ता नव्हता.

“मी जाऊन मागते,” वीणा म्हणाली.

“खबरदार! संशयित सावध होईल. आणि नाव ऐकलंस ना त्याचं? गुन्नार! गुन्हा नावातच आहे.”

सदानंदरावांनी दाराच्या छिद्राला डोळा लावला. रोज सकाळी बॅग खांद्याला, डोळा छिद्राला. समोरचं दार हलायचं नाव घेईना. कंटाळून ते लिफ्टमध्ये शिरत, तोच मागे कडी वाजे. ऑफिसात रोज उशीर, रोज साहेबांची बोलणी.

“अट्टल आहे,” सदानंदराव कौतुकानं म्हणाले.

मग पुरावे मिळू लागले. गुन्नारच्या दाराच्या मुठीवर पांढरी पूड. घरातून जळकट धूर. बिल्डिंगची राखण करणारा हारिस इद्रीस, त्यानं तर तोडक्यामोडक्या हिंदीत साक्षच दिली, “वो साब रोज थैली भरके काला पत्थर फेंकता है.”

“शुऐबाच्या त्याच्या तेलकारखान्यातलं रसायन घरी शिजवतोय!” सदानंदराव म्हणाले. दुसऱ्या दिवशी हा सिद्धांत त्यांनाच साधा वाटला. “नाही, तो डबा वितळवतोय! पोलाद काढून अम्गऱ्याच्या भंगारवाल्यांना विकणार आणि वर ही राख!”

“अहो, काहीतरीच काय बोलता!” म्हणता म्हणता वीणाचे डोळे भरून आले. नवऱ्याच्या तर्कावर तिचा काडीचा विश्वास नव्हता, पण डबा नव्हता हे तर खरंच होतं ना.

शनिवारी गुन्नारच्या दाराबाहेर भलंमोठं रिकामं खोकं दिसलं. सदानंदराव धावत आत आले. “सामान बांधतोय! पळणार!”

“माझ्या आईचा डबा घेऊन? बघतेच मी!” वीणा ओढणी खोचून बाहेर पडली आणि पॅसेजमध्ये थबकली. तिनं हुंगून पाहिलं. “अहो, हा वेलचीचा वास आहे.”

“रसायन आहे ते. रुमाल धर नाकाला!”

“इतकी वर्षं लाडू वळतेय मी. मला वेलची शिकवू नका.”

तिनं बेल दाबली. दार उघडलं. साडेसहा फुटी गुन्नार, कोपरापर्यंत मैदा, गळ्यात एप्रन. मागे कोरा करकरीत ओव्हन, त्याच्याच खोक्यातून बाहेर आलेला. आणि टेबलावर घडी घातलेल्या पांढऱ्या रुमालावर, देव्हाऱ्यात ठेवावा तसा, डबा.

“माफ करा,” तो रडवेल्या इंग्रजीत म्हणाला. “अजून जमलं नाही. मिस्टर नाफडे म्हणाले होते, तुमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत. म्हणून माझी आई करायची तसे वेलचीचे बन करतोय. जुना ओव्हन सगळे जाळायचा.”

“अहो भाऊ, चिमूटभर साखर घालून दिला असता तरी चाललं असतं!”

“साखर?” गुन्नार खुर्चीत बसला. “हे मिस्टर नाफडे बोलले नाहीत.”

वीणानं नवऱ्याकडे पाहिलं. नवरा छताकडे पाहत होता.

“पण मग लपता कशाला?” तिनं विचारलं.

“लपत नाही. आमच्याकडे शेजारी बाहेर पडत असेल तर दाराआड थांबतात, त्याला उगाच बोलावं लागू नये म्हणून. तुमच्या छिद्रामागे रोज अंधार दिसायचा. वाटायचं, कोणीतरी दाराशी उभं आहे, आता निघणार. मग मी थांबायचो. बॉस फार रागावलाय.”

“यांचाही,” वीणा म्हणाली.

ताजे बन डब्यात भरून आले. एक वीणानं तिथंच खाल्ला. जरा कडक होता, पण वेलची सढळ हातानं पडली होती. झाकणावरचा मैदा तिनं ओढणीनं पुसला, आईचं नाव नीट दिसेपर्यंत पुसला. “आईला आवडले असते हो,” ती म्हणाली आणि तिला रडू आलं. गुन्नारनं घाईघाईनं आणखी एक बन पुढे केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सदानंदरावांनी सवयीनं छिद्राला डोळा लावला. मिट्ट काळोख!

“वीणा! शत्रूनं माझा डोळा फोडला!”

त्यांनी दार उघडलं. बाहेरून छिद्रावर वीणाची ठसठशीत टिकली होती, आणि समोर गुन्नार चक्क पॅसेजमध्ये उभा. वीणा मागून आली. हातात तोच डबा, तिळाच्या लाडवांनी भरलेला. तो पाहून गुन्नार पांढराफटक पडला.

“घाबरू नका,” म्हणत तिनं एक छोटी पुडी त्याच्या हातावर ठेवली. “साखर आहे. परत देताना यातलीच घाला.”