टोरंटो ते जबलपूर, व्हाया भाऊजींचं डोकं

“वहिनी, चोवीस वर्षं फॅक्टरीच्या गेटवर माणसं नुसती चालीवरून ओळखली मी! अख्ख्या अधारतालात असा दिमाग कोणाचा आहे, सांगा!”

“मग शेजारच्या अंबादासकडे सिलिंडरचोर म्हणून कोणाला धरलं होतं? गॅसवाल्यालाच ना?” अनसूयाबाई म्हणाल्या.

गुणवंतभाऊजींना टोमणा लागत नाही. कातडीच तशी. नात्यानं दीर, स्वतःच्या मते डिटेक्टिव. बुधवारी सकाळी अतुलचा मेसेज आला, तेव्हापासून सोफ्यावर ठाण मांडून होते. मेसेज एवढाच: ‘आई, टोरंटोहून निघालो. फोन बंद राहील. परवा दुपारी डुमना एअरपोर्ट.’

बुधवारचा परवा म्हणजे शुक्रवार. आज गुरुवार.

तीन वर्षांपूर्वी पोरगं भांडून गेलं, तेव्हा अनसूयाबाई रागानं स्टेशनवरसुद्धा गेल्या नव्हत्या. ते अतुल अजून दर फोनवर ऐकवतो. या वेळी एअरपोर्टच्या दारात सगळ्यांत पुढे उभं राहायचं, हे त्यांचं पक्कं होतं.

आणि भाऊजी ग्लोबला परकराचा नाडा गुंडाळून अंतर मोजून राहिले होते.

“मोबाईलवर दिसते ना ते!”

“मोबाईल कोणीही पाहते. हे घ्या, साडेअकरा हजार किलोमीटर. विमान तासाला आठशे. म्हणजे चौदा तासांत दिल्ली. थांबणं-बिंबणं धरून दीड दिवसात घर. मग हा परवापर्यंत करून काय राहिला?” भाऊजींनी आवाज खाली आणला. “मधे उतरला. सासुरवाडीला!”

“त्याचं लग्न कधी झालं?”

“तेच तर लपवून राहिला!”

नाव गुणवंत, पण जन्मभर भागाकारच चुकला. पाच मिनिटांत सासुरवाडी रद्द झाली, मग विमान उलट्या वाऱ्यानं मागे गेलं, मग अतुलला दिल्लीत पोलिसांनी बसवून ठेवलं. अनसूयाबाई मेसेज पुन्हा पुन्हा उघडून पाहू लागल्या.

“काहून घाबरवता हो बाईंना?” पोळ्या लाटता लाटता कामाला येणारी शकु आतून ओरडली. “बाई, परवा कोणाचा? तुमचा का दादाचा?”

“म्हणजे?”

“मागल्या दिवाळीत आपली भाऊबीज चालू होती, अन् दादा फोनवर पाडव्याचं म्हणून राहिला होता. तिकडे रात्रच असते ना तेव्हा, आदल्या दिवसाची. मेसेज टाकला तेव्हा त्याचा मंगळवार असंल. मंगळवारचा परवा तर आजच झाला.”

“केस स्वयंपाकघरातून सुटत नसते!” भाऊजी गरजले.

तेवढ्यात फोन वाजला.

“आई, डुमन्याला उभा आहे. या वेळीही कोणीच नाही?”

“वहिनी, फोन ठेवा! तोतया आहे! माझ्या हिशेबानं अतुल अजून—”

अनसूयाबाई एका पायात स्वतःची अन् एका पायात भाऊजींची चप्पल घालून, फोन कानाला तसाच धरून रस्त्यावर रिक्षापाशी पोहोचल्यासुद्धा.

“भैया, डुमना चलोगे? जल्दी!”

“आई, तू दर वेळी अशीच—”

“तिथंच उभा राहा, हलू नको. येऊन भांडते. आता ठेव, निघायचं आहे मला.”